पायपीआय : सेवा विनामूल्य, शिस्त कडक

इतवारीतील ठोक व्यापाऱ्यांच्या बिलांवर अक्षरी रक्कम मराठीत छापण्यासाठी आमच्या नागपूरच्या कार्यालयाने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड) लिहिली आणि ती इतरांनाही वापरता यावी म्हणून पायपीआय या पायथन लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक भांडारावर प्रकाशित केली. (शंभरपर्यंतचे मराठी आकडे कोणत्याही एका सूत्रात बसत नाहीत, हे प्रोग्रॅमरइतके कुणालाच टोचत नसेल.) पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन चालवत असलेली ही सेवा लायब्ररी ठेवण्याचे शुल्क घेत नाही.

खाते उघडणे, लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती नोंदवणे, व्हील (इन्स्टॉल करण्याजोगी फाइल) बांधून ती ट्वाइन या साधनाने अपलोड करणे, हे काम जाणकाराला सोपे आहे. २०२४ च्या आरंभापासून द्विस्तरीय पडताळणी सर्वांना सक्तीची आहे, आणि ते योग्यच आहे.

सेवेचा खरा कस लागतो तो तिच्या एका नियमात. अपलोड केलेली फाइल पुसता येते. मात्र त्याच नावाची फाइल पुन्हा कधीही चढवता येत नाही, त्यामुळे माहितीपानावरची एखादी वेलांटी सुधारायची असली तरी नवी आवृत्ती काढावी लागते. नवख्याला हा जाच वाटेल. परंतु ज्याने आपल्या बिलिंगसाठी एक ठरावीक आवृत्ती निश्चित केली आहे, त्याच्या हाती उद्या त्याच नावाने दुसराच कोड पडणार नाही, याची हमी हाच नियम देतो. सदोष आवृत्तीसाठी 'यँक', म्हणजे ती मागे घेतल्याची खूण करणे, ही मधली वाट आहे: लायब्ररी इन्स्टॉल करणारे पिप हे साधन ती एरवी टाळते, पण नेमकी तीच मागणाऱ्याला देते. म्हणून टेस्ट पायपीआय या सरावासाठीच्या सेवेवर रंगीत तालीम अवश्य करावी. त्याचे खाते मात्र वेगळे उघडावे लागते.

२०२३ मध्ये आलेली ट्रस्टेड पब्लिशिंगची सोय मला सर्वांत आवडली. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या स्वयंचलित अ‍ॅक्शन्समधून प्रकाशन करताना कायमचे टोकन (पासवर्डऐवजी चालणारी सांकेतिक किल्ली) कुठेही जपून ठेवावे लागत नाही. प्रत्येक वेळी मिळणारे टोकन पंधरा मिनिटांत बाद होते.

उणीव नावांची आहे. माहितीपान देवनागरीत व्यवस्थित दिसते, परंतु लायब्ररीचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागते, आणि एकच मराठी शब्द रोमनमध्ये तीन-चार प्रकारे लिहिला जातो. प्रकाशनापूर्वी कोणी माणूस कोड तपासत नसल्याने मिळत्याजुळत्या नावाने घातक लायब्ररी चढवणाऱ्यांना येथे वाव राहतो. तेव्हा इन्स्टॉलची आज्ञा आठवणीतून टंकण्यापेक्षा लायब्ररीच्या पानावरूनच कॉपी करावी.