पायथनच्या पूलमध्ये कंट्रोल-सी: काही महिने वापरल्यानंतर

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात सोसायट्यांची जुनी दप्तरं स्कॅन होतात. त्यातला छापील मराठी मजकूर टेसरॅक्ट या मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून वाचून घेणारा पायथनचा प्रोग्राम लिनक्सवर आठ वर्कर (एकाच वेळी पानं वाचणाऱ्या स्वतंत्र प्रोसेस) लावून चालतो; हे वर्कर उभे करणं आणि त्यांना काम वाटणं पायथनचा पूल बघतो. मध्येच तातडीचं काम आलं की चालू गठ्ठा थांबवावा लागतो, आणि हे वरचेवर होतं. त्यासाठी बसवलेल्या पद्धतीचा हा अनुभव.

आधी काय व्हायचं? रात्रपाळीचा ऑपरेटर सांगायचा, "ताई, थांबवला तरी थांबत नाही हो, उलट नवीनच काहीतरी सुरू होतंय." त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबलं की सिगइंट हा थांबवण्याचा सिग्नल एकट्या मुख्य प्रोसेसला जात नाही, समोर चालू असलेल्या अख्ख्या प्रोसेस-ग्रुपला जातो. आठही वर्करमध्ये कीबोर्ड-इंटरप्ट, म्हणजे पायथनची थांबायला लावणारी एरर, उठतो. तो 2006 च्या पायथन 2.5 पासून एक्सेप्शन या साध्या एररच्या गटात मोडत नाही, थेट त्याच्या वरच्या बेस-एक्सेप्शनमधून येतो. कामात आलेली नेहमीची एरर वर्कर पकडतो आणि मुख्य प्रोसेसला कळवतो; ही मात्र निसटते आणि वर्करच मरतो. पूल लगेच त्याच्या जागी नवा वर्कर उभा करतो. स्क्रीनवर आठ ट्रेसबॅकच्या (एरर कुठे आली ते सांगणाऱ्या) ओळी एकमेकींत घुसलेल्या, आणि पुन्हा कंट्रोल-सी दाबलं की नावं दिसतात फोर्कपूलवर्कर-9, फोर्कपूलवर्कर-10. मेलेल्या वर्करच्या हातातल्या पानाचं उत्तर कधीच येत नाही. आमच्याकडे चालत आलेल्या कोडमध्ये शेवटी क्लोज (नवं काम घेणं बंद) आणि जॉइन (वर्कर संपेपर्यंत थांबणं) होतं, त्यामुळे प्रोग्राम त्या न येणाऱ्या उत्तरासाठी खोळंबून राहायचा.

पहिला उपाय असा: पूल बनवताना दिलेल्या इनिशियलायझरमध्ये (वर्कर सुरू होताच चालणारं फंक्शन) प्रत्येक वर्कर सिगइंटकडे दुर्लक्ष करायचं ठरवतो. ऐकते ती फक्त मुख्य प्रोसेस: कीबोर्ड-इंटरप्ट पकडायचा, पूलवर टर्मिनेट, मग जॉइन. बदल दोन-चार ओळींचा, पण ट्रेसबॅकचा तो गुंता पहिल्याच दिवशी गेला.

पूल बनवण्याआधी मुख्य प्रोसेसमध्येच सिगइंट बंद करून नंतर परत चालू करा, असाही सल्ला मिळतो. वर्कर जन्मल्यापासून इनिशियलायझर चालेपर्यंतची बारीक फट त्याने बुजते, म्हणून तोही ठेवलाय. पण तेवढ्यावर विसंबू नका. मेमरी वाढत जाते म्हणून आम्ही मॅक्स-टास्क्स-पर-चाइल्ड लावून ठराविक पानांनंतर वर्कर बदलतो, आणि हे मागाहून आलेले वर्कर चालू केलेलाच हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) घेऊन जन्मतात. त्यांना इनिशियलायझरच वाचवतो.

खरी मेहनत पुढे आहे. टर्मिनेट म्हणजे लिनक्सवर सिगटर्म, प्रोसेस संपवण्याचा सिग्नल. वर्करमधला शेवटच्या आवराआवरीचा फायनली ब्लॉक चालत नाही, लिहित असलेली फाइल तिथेच तुटते. त्यामुळे प्रत्येक पान आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झाल्यावरच ओएस-रिप्लेसने खऱ्या नावावर आणायचं. खऱ्या नावाची फाइल आहे म्हणजे पान झालंय, एवढ्या खुणेवर गठ्ठा पुन्हा सुरू होतो. मला स्वतःला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते ती हीच सवय.

टेसरॅक्टचं दुखणं वेगळंच. वर्कर त्याला सबप्रोसेस म्हणून चालवतो, आणि दुर्लक्षित केलेला सिग्नल एक्झेकनंतरही (म्हणजे प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम सुरू झाल्यावरही) दुर्लक्षितच राहतो. वर्कर सिगटर्मने मरतो, टेसरॅक्टला मात्र काहीच कळत नाही. हातातलं पान संपेपर्यंत तो अनाथ चालत राहतो. यावर उपाय असा की वर्करमध्ये दुर्लक्ष करण्याऐवजी काहीच न करणारा रिकामा हँडलर लावायचा. एक्झेकच्या वेळी हँडलर पुसला जाऊन मूळ वागणूक परत येते, त्यामुळे टेसरॅक्ट कंट्रोल-सीला मरतो आणि पायथन वर्कर टिकतो. फक्त टेसरॅक्टचा रिटर्न-कोड (काम नीट संपलं का ते सांगणारा आकडा) तपासायला हवा, नाहीतर अर्धवट मजकूर पुढे जाईल. आम्ही याच रचनेवर स्थिरावलोय.

हाच प्रोग्राम डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये, चालवणार असाल तर एक जोड द्या. डॉकर स्टॉप ही कमांड मुख्य प्रोसेसला सिगटर्म पाठवते आणि ती थांबली नाही तर, वेगळं काही सांगितलं नसेल तेव्हा, 10 सेकंदांनी अडवता न येणारा सिगकिल. म्हणून मुख्य प्रोसेसमध्ये सिगटर्मलाही हँडलर लावून त्यातून कीबोर्ड-इंटरप्टच उठवा, म्हणजे आवराआवर एकाच वाटेने होते. तो हँडलर मुख्य प्रोसेसपुरताच हवा; फोर्क झालेल्या, म्हणजे मुख्य प्रोसेसची नक्कल म्हणून जन्मलेल्या, वर्करमध्ये तोही जातो, म्हणून इनिशियलायझरमध्ये सिगटर्म पूर्ववत करायला विसरू नका.