ब्रेक आणि फोर्क: स्पोर्ट मोटारसायकलवर केलेल्या बदलांचा अकरा महिन्यांनंतरचा आढावा

गेल्या डिसेंबरात गेवराईहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना, पाचोडच्या अलीकडे दिवस मावळल्यावर माझ्यापुढे अचानक उसाची ट्रॉली आली. तिला मागे ना दिवा होता, ना चकाकणारी पट्टी. मी पुढचा ब्रेक दाबला तेव्हा लिव्हर अर्ध्यापर्यंत नुसताच आत गेला, मग ब्रेक एकदम लागला, गाडीचे तोंड खाली बसले आणि मागचे चाक हलके होऊन डोलू लागले. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या आठवड्यातच मी ठरवले की ब्रेकचे काम करून घ्यायचे. जानेवारीत ते झाले, पण तोवर हे काम केवळ ब्रेकचे राहिले नव्हते. त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा मिळून सुमारे अकरा हजार किलोमीटर गाडी चालवली आहे, म्हणून आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

गाडी २०१९ सालची, ३०० सीसी वर्गातील आहे. पुढे एकच डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), पुढे कसलाही स्क्रू फिरवून बदल करता न येणारा साधा टेलिस्कोपिक फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्या) आणि मागे फक्त प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) कमी-जास्त करता येणारा मोनोशॉक (एकच शॉकअप), अशी या वर्गातल्या बहुतेक गाड्यांसारखीच तिची रचना आहे. माझे वजन ८४ किलो आहे. नोकरीनिमित्त आठवड्यातून किमान एकदा संभाजीनगर ते बीड असा प्रवास होतो, अधूनमधून जालना आणि कन्नडचा घाटही होतो. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, त्यामुळे आपल्याला जुने रस्तेच आहेत आणि त्या रस्त्यांचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलणे व्यर्थ आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता त्यामुळे लाटांसारखा वर-खाली होतो. हंगामात कडेला सोयाबीन वाळत घातलेले असते, शेतातून चढलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरलेला असतो आणि गावाच्या तोंडाशी न रंगवलेला गतिरोधक असतो. अशा रस्त्यावर ब्रेक किती जोरात लागतो यापेक्षा तो किती मोजून लावता येतो, हे महत्त्वाचे ठरते.

काम संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशन एमआयडीसी परिसरातील एका लहान कार्यशाळेत करून घेतले. संभाजीनगर हे दुचाकी समजणाऱ्या माणसांचे शहर आहे. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि दुचाकींचे ब्रेक व सस्पेन्शन बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे मुख्यालयही येथेच आहे. त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर हेच सुटे भाग हाताळले, असे कारागीर येथे गल्लोगल्ली भेटतात. या कार्यशाळेचे उस्ताद त्यांपैकीच एक आहेत. मी गेलो तो मोठ्या डिस्कचा आणि जास्त पिस्टनच्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) संच बसवून घ्यायचा असे ठरवूनच. त्यांनी गाडीची एक चक्कर मारली, मास्टर सिलिंडरचे (लिव्हरजवळच्या ब्रेक ऑइलच्या भांड्याचे) झाकण उघडले आणि म्हणाले, "सर, पैसे तुमचे आहेत, पण आधी हे बघा. आहे तो ब्रेक तरी कुठं चालू आहे?"

आतले ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले होते. साधारण दोन वर्षांनी बदलायचे ते तेल पाच वर्षे तसेच होते. ज्या सेवा केंद्रात मी गाडी नियमित देत होतो, त्यांच्या प्रत्येक पावतीवर मात्र 'ब्रेक ऑइल तपासले' असे छापलेले आहे. हे तेल हवेतली ओल शोषून घेते आणि ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. कन्नडच्या घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना कॅलिपर तापतो, तेलात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे लिव्हर हँडलपर्यंत आत जातो. मी ज्याला ब्रेकची कमजोरी समजत होतो, तिचा मोठा भाग या जुन्या तेलात होता. नवे तेल डॉट ४ चेच घातले. डॉट ५.१ चालले असते, परंतु डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच तेल आहे आणि ते यात मिसळता येत नाही. नावातील साम्यामुळे दुकानदारही कधीकधी चुकतात, म्हणून डबा हातात घेऊन वाचावा.

तेलानंतर रबरी होजच्या (ब्रेक ऑइलच्या नळ्यांच्या) जागी आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलच्या जाळीचे होज बसवले. जुने रबर दाबाखाली किंचित फुगते आणि बोटांचा जोर त्या फुगण्यात वाया जातो. एबीएस असलेल्या गाडीत पुढच्या ब्रेकला दोन होज लागतात, एक मास्टर सिलिंडरपासून एबीएसच्या ठोकळ्यापर्यंत आणि दुसरा तेथून कॅलिपरपर्यंत, हे मागवताना लक्षात ठेवावे. होज जोडणाऱ्या प्रत्येक बँजो बोल्टखाली तांब्याचे नवे वॉशर घातले आणि बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. मागे एका ठिकाणी माझ्या गाडीला जुनेच वॉशर परत लावले होते आणि महिनाभर कॅलिपरच्या तोंडाशी तेल पाझरत होते, म्हणून हे मी उभा राहून पाहिले. सांडलेले ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते, त्यामुळे उस्तादांनी टाकीवर आधी ओले फडके अंथरले होते. हवा काढायला पाऊण तास गेला. शेवटी लिव्हर दोन बोटांनी दाबला आणि तो ठराविक जागी येऊन दगडासारखा थांबला, तेव्हा मला एवढ्यावरच घरी जावेसे वाटले.

पॅड सिंटर्ड प्रकारचे घेतले. धातूची भुकटी उष्णता आणि दाबाखाली एकजीव करून ते बनवतात. पॅडच्या पाठीवर घर्षणाची दोन इंग्रजी अक्षरे असतात, पहिले साधारण तापमानासाठी आणि दुसरे तापलेल्या अवस्थेसाठी. 'जी' म्हणजे घर्षणांक ०.४५ ते ०.५५ आणि 'एच' म्हणजे ०.५५ च्या वर. माझ्या नव्या पॅडवर 'एचएच' आहे. नवे पॅड डिस्कवर बसावे लागतात, त्यासाठी रिकाम्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा हळूहळू जोर वाढवत ब्रेक लावले.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो. एबीएस असलेल्या गाडीचा मूळ ब्रेकसुद्धा, तो धडधाकट असेल तर, चाक अडकण्याच्या सीमेपर्यंत पोहोचतोच. त्या पलीकडे थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात, कॅलिपर नव्हे. त्यामुळे चांगल्या होजने आणि पॅडने गाडी जादूने कमी अंतरात थांबू लागते, हा समज मी मनातून काढून टाकला आहे. त्यांनी मिळते ती जाण. चाक केव्हा सुटू पाहते आहे हे बोटांना कळते, जोर किंचित कमी करता येतो आणि दहाव्यांदा लावलेला ब्रेक पहिल्यासारखाच लागतो. ट्रॉलीच्या प्रसंगी माझ्याकडे नेमके हेच नव्हते.

परंतु केवळ ब्रेक सुधारून परतलो असतो तर गाडी अधिक धोक्याची झाली असती, असे माझे ठाम मत आहे. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येते. फोर्क मऊ असेल तर तो तळापर्यंत बसतो आणि बसलेल्या फोर्कला पुढचा खड्डा झेलण्यासाठी जागाच उरत नाही. ब्रेक जितका तीव्र, तितके हे लवकर घडते. उस्तादांनी फोर्कच्या नळीला प्लास्टिकची एक बारीक पट्टी बांधली, मला जॅकेट-हेल्मेटसह गाडीवर बसवले, दोन पोरांना दोन्ही बाजूंनी गाडी सरळ धरायला लावली आणि मी उतरल्यावर स्टीलच्या पट्टीने अंतर मोजले. नुसत्या गाडीच्या आणि माझ्या वजनाने फोर्क ४७ मिलिमीटर खाली बसत होता. अशा गाडीवर हे माप ३० ते ३५ च्या दरम्यान असावे. म्हणजे फोर्कची १२५-१३० मिलिमीटरच्या घरातील धाव (दबण्याची एकूण जागा) मी ब्रेकला हात लावण्याआधीच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खर्च करून बसलो होतो. त्या छोट्या पट्टीने मला जे दाखवले, ते पाच वर्षांत कोणी दाखवले नव्हते.

मूळ स्प्रिंगच्या जागी माझ्या वजनाला साजेशा, एकसारख्या ताठपणाच्या स्प्रिंग घातल्या आणि तेल १० ऐवजी १५ ग्रेडचे भरले. तेल किती मिलिलिटर घातले यापेक्षा त्याची पातळी महत्त्वाची असते, कारण तेलावर अडकलेली हवा स्वतःच एका स्प्रिंगचे काम करते. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून दोन्ही नळ्यांतली पातळी सारखी मोजली. नव्या स्प्रिंगवर माप ३४ मिलिमीटर आले. मागच्या शॉकअपचा प्रीलोड दोन खाचा वाढवला. याच वेळी कोनसेटही (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) उघडला. हँडल सरळ असताना किंचित 'खट्' करून अडकत होते, म्हणजे बेअरिंगच्या वाटीत खळगे पडले होते. गाडी वेगात सरळ धरताना मला जी सतत सूक्ष्म दुरुस्ती करावी लागत होती, तिचे कारण हे होते. कोनसेट बदलण्याला 'अपग्रेड' म्हणता येणार नाही, पण रस्त्यावर सर्वाधिक फरक जाणवला तो फोर्कनंतर याच कामाचा.

टायर रेडियल घेतले. टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहूनच ते स्वीकारावेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. मला आधी दाखवलेला टायर तीन वर्षांपूर्वीचा होता आणि तो मी परत केला.

कामाआधी आणि कामानंतर एका रविवारी पहाटे चिकलठाण्याकडच्या रिकाम्या रस्त्यावर चुन्याची रेघ मारून ताशी ६० च्या वेगावरून पाच-पाच वेळा थांबून पाहिले. आधीची सरासरी २० मीटरच्या थोडी वर होती, नंतरची साडेसतरा मीटर. ही मोजणी घरगुती आहे आणि यातला बराच वाटा नव्या टायरचा आहे, हे उघड आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते असे की आधीच्या पाच अंतरांत जवळजवळ चार मीटरची तफावत होती, नंतरच्या पाचांत एका मीटरचीही नाही.

एकूण खर्च ३२,५०० रुपये आला. त्यातले ११,८०० टायरचे, ६,५०० फोर्कच्या स्प्रिंगचे आणि ४,००० मजुरीचे. होज आणि पॅड मिळून ६,६०० झाले, उरलेले कोनसेट, ऑइल सील आणि तेलांचे. ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी ४०० रुपयांचे ब्रेक ऑइल बदलून आणि कोनसेट तपासून सुरुवात करावी. मोठ्या डिस्कचा संच मी घेतला नाही याचा मला आता आनंद आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, हा एक भाग झाला. पण मुख्य म्हणजे माझ्या गाडीला त्याची गरजच नव्हती.

उणिवाही आहेत. सिंटर्ड पॅड सकाळच्या थंडीत पहिल्या दोन-तीन वेळा कुईं असा आवाज करतात आणि डिस्क जुन्या पॅडपेक्षा वेगाने झिजवतात. अकरा हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी किमान मर्यादेच्या वर आहे, तरी दर पाच हजारांनी मोजणे आले. फोर्क ताठ झाल्यामुळे शहरातल्या बारीक खड्ड्यांचा हादरा मनगटाला पूर्वीपेक्षा जास्त लागतो. पत्नीला मागे बसवून जाताना मागचा शॉकअप आता अपुरा वाटतो, कारण पुढचे टोक सुधारल्याने मागच्याचा ढिलेपणा उघडा पडला आहे. पावसाळ्यात आपला काळा चिखल कॅलिपरच्या पिनांवर जाऊन सिमेंटसारखा बसतो. जुलैत एक बाजू अडकून एक पॅड दुसऱ्याच्या आधी झिजू लागला होता. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी पाण्याच्या साध्या धारेने कॅलिपर धुतो आणि पिनांना सिलिकॉनचे ग्रीस लावून घेतो.

कार्यशाळेविषयी एक तक्रार आहे. एका दिवसाचे काम सांगून गाडी तीन दिवस ठेवली, कारण स्प्रिंग पुण्याहून यायच्या होत्या आणि ते मला आधी कळवले नाही. मात्र काढलेला प्रत्येक जुना भाग त्यांनी पिशवीत घालून माझ्या हाती दिला, मोजलेले आकडे वहीच्या कागदावर लिहून दिले आणि मास्टर सिलिंडरच्या झाकणाला तेल बदलल्याच्या तारखेची चिकटपट्टी लावली. जाण्याआधी फोन करावा, भाग आले आहेत ना हे विचारावे, आणि शुक्रवारी जाऊ नये, त्या दिवशी दुकान बंद असते.