गड्डा यात्रेतलं कोळशाचं काळं मंजन: घेऊ नका

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर एका स्टॉलवरनं हे काळं मंजन घेतलं, आईचे दात मशेरीनं पार तपकिरी झालेत म्हणून. बोटावर घेऊन चोळलं की वाळूसारखी कचकच लागते, तिथंच मला शंका आली होती. आठवडाभर दात जरा उजळ दिसले हे खरं, पण नंतर गार पाणी प्यायलं की आईला कळ यायला लागली, लगेच बंद केलं. त्यात शेजारच्या काकू लिंबू-सोडा लावायला सांगत होत्या, तेही करू नका बरं का, लिंबाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ ते ३ आणि दातावरचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं, एकदा झिजलं की परत येत नाही. शेवटी दाताच्या डॉक्टरकडं स्केलिंग केलं, तेव्हा कुठं थर निघाला, आई कितीतरी वेळ आरशात बघत बसली होती. आता घरी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, बास. मशेरी अजून पूर्ण सुटली नाही, सकाळी एकदा लावतेच, त्याचंच टेन्शन आहे. मंजनाला ५ पैकी १ स्टार.