एकट्यानं, ऑनलाइन की टेबलावर? एका रडीच्या डावाची गोष्ट

माझ्या कीबोर्डवरचं ‘एफ ८’ हे बटण घासून जवळजवळ कोरं झालंय. ‘एफ ५’ मात्र अजून स्पष्ट वाचता येतं. बॉल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटरवरचा गेम खेळलेल्यांना एवढ्यावरून माझा स्वभाव कळला असेल. पाचानं खेळ सेव्ह करायचा, आठानं त्या जागी परत जायचं. सेव्ह एकदाच करून परत मात्र मी पाच-पाच वेळा गेलोय.

गेल्या महिन्यात मावसभावानं विचारलं, की रोलप्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे खेळ, सुरू करायचे तर एकट्यानं खेळायचे घेऊ, ऑनलाइन शिरू, की तुमचं ते फासे-कागदवालं बघू? तिन्ही मी करून पाहिलंय, नोकरी आणि सात वर्षांची मुलगी सांभाळून. ग्राफिक्स कार्ड आणि रॅमचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तुम्हालाही कळत असेल, म्हणून ते सोडून बोलतो.

आधी ऑनलाइनचं उरकतो, कारण तिथं दोष खेळाचा कमी आणि माझ्या घराचा जास्त आहे. २००४ च्या सुमारास राग्नारोक ऑनलाइन भारतात आला, तेव्हा कॉलेजमागच्या सायबर कॅफेत आम्ही पाच जण ओळीनं बसून पोरिंग नावाचे गुलाबी राक्षस झोडपायचो. हेडफोन कुणाकडे नव्हते, सगळं ओरडूनच. मजा खेळाची किती आणि शेजारच्या खुर्चीची किती, हे तेव्हा कळायचं कारणच नव्हतं.

नोकरीत स्थिरावल्यावर फायनल फॅन्टसी १४ धरला. गोष्ट म्हणून तो फार चांगला आहे आणि त्याची फुकट चाचणी आता ७० व्या लेव्हलपर्यंत चालते, मुदतीचं बंधन नाही. महिनोन्‌महिने पुरते. त्यापुढं दरमहा वर्गणी. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, तेव्हा वर्गणीचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. पण मला पैशापेक्षा घड्याळ नडलं. आपल्याकडे त्याचा सर्व्हर नाही. जपानी लोक रात्री नऊला जमतात तेव्हा इथं साडेपाच, म्हणजे माझी मीटिंग. मध्य युरोपात आठ वाजतात तेव्हा इथं उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे सर्व्हर सुरू झाले, तर त्यांची संध्याकाळ ही आपली भर दुपार. जगात सगळ्यांची संध्याकाळ होते, माझीच तेवढी होत नाही. अंतरामुळे येणाऱ्या लॅगचं, म्हणजे उशिराचं, मी फार मनावर घेतलं नाही. खेळाची लय तशी संथ, एका वारानंतर दुसरा साधारण अडीच सेकंदांनी, त्यामुळे निभतं. जमिनीवर धोक्याचं केशरी वर्तुळ उमटलं की माझ्या पडद्यावर मी बाहेर पडलेला असतो आणि लांबच्या सर्व्हरच्या मते आतच असतो, एवढंच. मरायची सवय होते.

सवय झाली नाही ती दुसऱ्याच गोष्टीची. एका शनिवारी सकाळी चौघांनी मिळून लढायच्या डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांच्या तळघरात, मी हीलर होतो, बाकीच्यांच्या जखमा भरणारा. शेवटचा राक्षस निम्म्यावर आला आणि दाराची बेल वाजली. गॅसवाला. ‘ओटीपी सांगा.’ फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. ओटीपी सांगून, सिलिंडर आत सरकवून परत आलो तर तिघंही आडवे. कुणी शिवी दिली नाही. उलट एकानं ‘हरकत नाही’ असं टाइप केलं आणि तेच जास्त लागलं. लहानपणी ‘टाइमप्लीज’ म्हटलं की अख्खी गल्ली थांबायची. इथं ती सोय नाही. ज्या घरात बेल वाजते, कुकर होतो आणि ‘बाबा, माझी पेन्सिल’ असतं, त्या घरातल्या माणसानं हीलर होऊ नये. सगळे वार अंगावर घेणारा टँक तर अजिबात होऊ नये.

तरी सांगतो, एकदा चॅटमध्ये रोमन लिपीत ‘आयला’ उमटलं माझ्याकडून, आणि पलीकडून उत्तर आलं, ‘कुठले तुम्ही?’ गृहस्थ न्यू जर्सीचे, मूळ साताऱ्याचे. राक्षस बाजूला ठेवून आम्ही वीस मिनिटं कंदी पेढ्यांवर बोललो. असं दुसऱ्या कुठल्याही प्रकारात होत नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्यानं, रात्र मोकळी असलेल्यानं ऑनलाइनच खेळावं, माझी काही हरकत नाही.

एकट्यानं खेळायच्या गेमबद्दल वाकडं बोलायला मला जड जातं. द विचर ३ आला २०१५ मध्ये, मी तो संपवला मुलगी तान्ही असताना, रात्री दहानंतर, आवाज अगदी कमी ठेवून. ती रडली की पॉज. दूध गरम करून, तिला खांद्यावर टाकून, फेऱ्या मारून अर्ध्या तासानं परत यावं तर घोडा तिथंच शेपूट हलवत उभा. टाइमप्लीज म्हणावं ते याला. वेळ तुकड्यातुकड्यांत मिळणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं काही नाही, आणि लिखाणाचा दर्जा म्हणाल तर तोही टेबलावर आम्ही चौघं मिळून जे बरळतो त्याच्या कितीतरी वर.

मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये बॉल्डर्स गेट ३ आला. दीडशे जीबी जागा करण्यासाठी लग्नाचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर हलवले. टेबलावरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेला खेळ, पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडताना दिसतो, आणि मला वाटलं, झालं, आता टेबलाची गरज संपली.

सुरुवातीच्याच भागात ड्रुइडांच्या, म्हणजे रानातल्या मांत्रिकांच्या, वस्तीत मूर्ती चोरताना पकडलेली एक लहान मुलगी आहे. तिच्यासमोर साप. तिथल्या म्होरक्या बाईंना तुम्ही समजावू शकलात तर मुलगी सुटते, दान उलटं पडलं तर साप डसतो. माझं उलटं पडलं. बापाचं काळीज, एफ ८. परत उलटं. एफ ८. चौथ्या खेपेला पडलं एकदाचं. मुलगी सुटली, मी खुर्चीत मागे रेललो, आणि लक्षात आलं की हायसं वाटायला हवं तसं वाटत नाहीये. तिला मी सोडवलंच नव्हतं. एफ ८ नं सोडवलं होतं.

त्यानंतर सवयच लागली. कुलूप उघडलं नाही, एफ ८. पहारेकऱ्याला थाप पचली नाही, एफ ८. ऐंशी तास खेळून झाल्यावर माझा नायक असा होता की आयुष्यात त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता, आणि त्याच्याइतका कंटाळवाणा इसम मी दुसरा पाहिला नाही. त्यात या गेमचा फासासुद्धा सांभाळून घेणारा. ‘कार्मिक डाइस’ नावाची सेटिंग मुळातच चालू असते, ती एकाच तऱ्हेची दानं सलग पडू देत नाही. ती बंद केली तरी बोट माझंच. आमच्या गल्लीत याला एकच शब्द होता: रडीचा डाव. ‘रडीचा डाव खडी’ असं ओरडत पोरं मागे लागायची. इथं ओरडायला कुणी नाही, हीच अडचण.

‘मग दाबू नकोस ना,’ असं बायकोनं सुचवलं. बरोबर आहे तिचं. नोव्हेंबर २०२३ च्या अपडेटमध्ये ‘ऑनर मोड’ आला, ज्यात एकच सेव्ह, मागे जायची सोय नाही. मोठ्या हौसेनं सुरू केला. तिसऱ्या दिवशी एक लढाई हाताबाहेर जायला लागली आणि सेव्ह होण्याच्या आत मी टास्क मॅनेजर उघडून गेमच मारून टाकला. रात्री साडेबारा वाजता, स्वतःच्या घरात, स्वतःलाच फसवायला चोरासारखा. तेव्हा मात्र कळलं की दुखणं सेटिंगमध्ये नाही.

न्यायाला धरून सांगायचं तर डिस्को एलिझियममध्ये (२०१९) असं झालं नाही. तिथं हरल्यावर जे वाचायला मिळतं ते कधी कधी जिंकल्यावरच्यापेक्षा सरस असतं, त्यामुळे मागे जावंसंच वाटत नाही. तो मी जवळजवळ प्रामाणिकपणे खेळलो. जवळजवळ. पण असा एखादाच.

आता टेबल. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स छापला तेव्हापासून प्रकार तोच आहे: एकजण जग सांगतो, बाकीचे त्यात सोंगं घेतात, आणि जिथं काय होईल ते ठरत नाही तिथं फासा. आमच्या गटात जग सांगणाऱ्याला डीएम (डंजन मास्टर) कुणी म्हणत नाही, ‘राज्य कुणावर?’ असं विचारतात. राज्य गेली दोन वर्षं एकाच भिडूवर आहे, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नाही. तो दिवसा टॅक्स रिटर्न भरतो आणि रविवारी दुपारी आम्हाला घाबरवतो.

त्रास इथंही आहे आणि तो किरकोळ नाही. पाच मोठ्या माणसांचा एक रविवार जुळणं हे कुठल्याही ड्रॅगनपेक्षा अवघड. एकाच्या सासरी बारसं, एकाची सोसायटीची मीटिंग, एकाच्या मुलाची स्कॉलरशिप परीक्षा. गणपती ते दिवाळी हा काळ तर सोडूनच द्यायचा. चार तास बसलो तर त्यातला एक वडे आणि चहात जातो, माझ्या पात्राची माहिती असलेल्या कॅरेक्टर शीटवर जिथं ‘आर्मर क्लास’ (वार लागायला किती कठीण तो आकडा) लिहिलंय तिथं तेलाचा गोल डाग आहे आणि तो आकडा आता मी अंदाजानं सांगतो. एकजण नियमांवरून वाद घालतो. एकजण फोन बघतो. सगळं मान्य.

पण आमच्या डावातल्या जकात नाक्याचं सांगतो. आमची टोळी घाट उतरून नाक्यावर आली, खिशात दमडी नाही. इंग्रजीत बार्ड म्हणतात त्या पात्राला आम्ही शाहीर केलंय. आमच्या शाहिरानं ठरवलं की जकातदाराच्या स्तुतीचा पोवाडा गायचा. उभं राहून, टेबलावर थाप मारत, दोन ओळी खरोखर गायल्या त्यानं. मग फासा टाकला. एक. वीस बाजूंत एक पडायची शक्यता पाच टक्के, आणि ती नेमकी तिथंच यायची होती. सगळे हसले. मी मात्र नकळत उजव्या हाताची बोटं टेबलावर आपटली, एफ ८ जिथं असतं तिथं.

राज्यवाला क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, ‘जकातदार पांढराफटक पडलाय. ही चाल त्यानं एकदाच ऐकलीय, त्याच्या भावाला फाशी दिली त्या दिवशी.’

टेबलावर कुणी हसेना. भाऊ कोण, फाशी कुणी दिली, आणि मुख्य म्हणजे शाहिराला ती चाल कुठून माहीत? स्वतः शाहिराला उत्तर ठाऊक नव्हतं. पुढचे आठ महिने आम्ही तेच शोधत होतो. जी मूळ मोहीम राज्यवाल्यानं वहीभर लिहून आणली होती ती तशीच राहिली. त्या दिवशी वीस पडले असते तर नाका ओलांडून पुढं गेलो असतो आणि जकातदार आज कुणाला आठवला नसता. फाशावरचा तो ‘एक’ तसाच राहिला, कारण चौघांनी तो पाहिला होता. त्यांच्यादेखत फासा परत उचलायची माझीसुद्धा हिंमत नाही.

माझ्यापुरता निकाल तिथं लागला. तुमचा वेगळा लागू शकतो. ज्याला एफ ८ ची खाज नाही, ज्याचा हरलेला डाव तसाच ठेवायचा स्वभाव आहे, त्याला एकट्यानं खेळण्यात टेबलाच्या निम्म्याहून जास्त मिळेल, तेही तारखा न जुळवता. असा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण असतील.

खर्चाची भीती टेबलाबाबत तरी बाळगू नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत, फुकट उतरवून घेता येतात. सात फाशांचा एक संच पाच जणांत फिरवला तरी भागतं. आमचा पहिला दीड महिना तसाच गेला. एखादा फासा घ्यायचाच तर ठळक आकड्यांचा घ्या, चकचकीत पारदर्शक नको, ट्यूबलाइटखाली त्याच्यावरून भांडणं होतात. गट नसेल तर पुण्या-मुंबईत बोर्डगेम कॅफे आहेत, तिथं एका दुपारीत संपणारा डाव खेळून बघावा. आणि कुणीच मिळालं नाही तर आयर्नस्वॉर्न म्हणून एक फुकट मिळणारा खेळ आहे, तो फासे-कागद घेऊन एकट्यालाही खेळता येतो. मी करून पाहिला. तिसऱ्या पानावर एक दान खोडरबरनं खोडलं, तेव्हा माझ्यासारख्यांना तो सुचवत नाही.

नियमांचं पुस्तक आधी पाठ करू नका. पहिल्या दिवशी लिंबूटिंबू म्हणून बसा, कधी कुठला फासा टाकायचा ते शेजारचा सांगतो. आणि सोंग मराठीतच घ्या. आमचा बुटका लोहार जोवर इंग्रजीत बोलायचा तोवर सिनेमातला वाटायचा. ‘ऐरण माझी हाय, हात लावशीला तर बघा’ म्हणाला त्या दिवसापासून त्याला कुणी मरू देत नाही.

मावसभावाला मी येत्या रविवारी बोलावलंय. तो अजून म्हणतोय की आधी बॉल्डर्स गेट ३ घेतो, सेलमध्ये आहे. घे म्हटलं, पण रविवारी ये. ग्रुपवर पोल टाकलाय. तीन ‘हो’ आलेत, शाहिराचं नेहमीप्रमाणे ‘बघतो’.