‘लो मॉडेल’ जॅक स्टँड म्हणून विकल्या जाणाऱ्या कापलेल्या घोड्या

गाडी खाली बसवलेली असेल आणि सुटीच्या दिवशी तिच्याखाली शिरून स्वतः काम करायची सवय असेल, तर ‘लो मॉडेल’ जॅक स्टँडच्या, म्हणजे उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या घोडीच्या, जाहिरातींपासून जपून राहा. पुण्याच्या आसपास हा माल फिरतोय. माझ्या गळ्यात मारला गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी जुनी टाइप-टू होंडा सिटी आहे. आधीच्या मालकाने हौसेने आखूड स्प्रिंग टाकून ती अशी बसवली आहे की सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून तिरकी घेतल्याशिवाय निघत नाही. ऑइल, सायलेन्सरचे रबर, ब्रेकची कामं मी घरीच करतो. डिकीतल्या कैची जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नये हे बहुतेकांना माहीत असतं. पण ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबावर चालणारा जॅकसुद्धा उचलण्यापुरताच. आतलं सील गेलं की तेल मागे फिरतं आणि गाडी बसते. उचललेला भार तोलायचा तो स्टँडने, गॅरेजवाल्यांच्या घोडीने.

हा धंदा चालतो तो एका समजावर. गाडी बुटकी म्हणून स्टँडही बुटका पाहिजे, असं कोणालाही वाटतं. प्रत्यक्षात बुटका लागतो तो जॅक. साधा दोन टनी ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी त्याची गाडीला टेकणारी वाटी जमिनीपासून १३-१४ सेंटिमीटरवर राहते, आणि लो गाडीखाली ती शिरत नाही. त्याला उपाय दोन : आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत खाली जाणारा लो जॅक घ्या, नाहीतर चाकं आधी जाड फळ्यांवर चढवा. जॅक एकदा आत गेला की बहुतेक गाड्या साध्या स्टँडवर सहज बसतात. आणि खाली आडवं पडून पाना फिरवायचा तर तेवढी उंची लागतेच. बुटक्या स्टँडवर ठेवलेल्या गाडीखाली कोपरसुद्धा वळत नाही.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मी विचारलं तेव्हा दुकानदारांनी सरळ सांगितलं, “असा स्टँड येत नाही.” मग ऑनलाइन जाहिरात दिसली : लो प्रोफाइल, तीन टन, इम्पोर्टेड क्वालिटी, खास लोअर केलेल्या गाड्यांसाठी. पत्ता शहराबाहेरच्या एका शेडचा. माणूस गोड बोलणारा. त्याने स्वतःची व्हॅन दोन स्टँडवर चढवून ठेवली होती. दोन्ही हातांनी ती गदागदा हलवून दाखवली आणि म्हणाला, “बघा साहेब, तसूभर हलत नाही.” हलणार कशी, ते स्टँड अस्सल आणि पूर्ण उंचीचे होते! मला दिलं ते सीलबंद खोकं. ‘त्यातलंच लो मॉडेल, पॅकिंग फोडू नका, वॉरंटीला त्रास होईल.’ किंमत साध्या जोडीच्या जवळपास दुप्पट. पक्कं बिल हवं तर वर अठरा टक्के, आणि तेही पुढच्या आठवड्यात. पैसे यूपीआयने घेतले, नाव भलत्याच कोणाचं तरी आलं. “पुतण्याचं खातं आहे,” म्हणाला.

घरी गाडीचा पुढचा भाग स्टँडवर उतरवताना डावा स्टँड पाय पसरल्यासारखा तिरका झाला. मी बाहेर होतो, काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या कडेखाली आडवं ठेवलेलं होतं, जॅकही लावलेलाच होता. गाडी परत उचलली आणि स्टँड काढून घेतले. त्यामुळे कोणाला काही झालं नाही.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. त्यांचं सगळं आयुष्य भोसरीत फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये गेलं. त्यांनी स्टँड उलटा केला, पायांच्या टोकांवर कानस चालवली, आणि रंगाखालून पांढरी पुटी निघाली. डेंटिंगवाले पत्र्यावर लावतात ती. चुंबक तिथे धरतच नव्हतं. पुटी खरवडल्यावर ग्राइंडरचे ओरखडे आणि हातघाईने मारलेले वेल्डचे टाके दिसले. “अरे, ही साधी घोडी आहे, खालून छाटलेली,” काका म्हणाले.

छाटल्याने काय होतं ते त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. स्टँडचे पाय वरून खाली फाकत जातात. खालचे सात-आठ सेंटिमीटर कापले की उंचीबरोबर पायांचा घेरही आवळतो आणि तोल जातो. मूळ पायांना खाली आडवी पट्टी किंवा दुमडलेली सपाट कड असते, त्यामुळे भाराखाली ते फाकत नाहीत. ती कड कापण्यात गेली आणि तिच्या जागी पत्र्याचे तुकडे डकवले होते.

त्याहून वाईट प्रकार मधल्या खांबाचा. हा दातेरी खांब नळीत वर-खाली सरकतो आणि दांड्याच्या खटक्याने हव्या त्या दात्यावर अडतो. पाय आखूड केले की दात्यांचा खांब पूर्ण खाली आणल्यावर जमिनीला टेकणार. म्हणून खांबही खालून कापला होता. आता वरच्या दात्यांवर लावला की नळीच्या आत उरतो जेमतेम बोटभर तुकडा. खांब निसटून बाहेर येऊ नये म्हणून बुडाशी जो अडसर असतो, तोही गेलेला. काकांनी दांडा उचलून खांब वर ओढला आणि सरळ माझ्या हातात दिला. ‘तीन टन’ हे स्टिकर होतं. ते सोलल्यावर खाली मूळ ठसा निघाला, दोन टनांचा. शिवाय अनेक स्टँडवर लिहिलेली क्षमता जोडीची असते, एकेकाची नाही, हे वेगळंच.

दात्यांची पकड किती नाजूक मामला आहे ते अमेरिकेत २०२० साली दिसलं होतं. हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने पिट्सबर्ग नावाचे लाखो स्टँड परत मागवले, कारण साचे झिजल्यामुळे काहींमध्ये दाते पुरेसे खोल अडकत नव्हते. बदली दिलेल्यांपैकी काहींचं वेल्डिंगही सदोष निघालं आणि तेही परत मागवावे लागले. कारखान्यात बनलेल्या मालाची ही कथा. शेडमध्ये ग्राइंडर मारलेल्याला तर कोणी वालीच नाही.

विकणाऱ्याला फोन केला. आधी “कंपनीचंच डिझाइन आहे सर”, मग “वापरलेला माल परत होत नाही”, आणि शेवटी नंबर ब्लॉक. कायदा मात्र त्याच्या बाजूने नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तेव्हा तिकडेही जाणार. अडचण एकच, समोरच्याचं खरं नाव-पत्ता हाती नाही. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि यूपीआयची नोंद एवढंच आहे. म्हणून खोकं हातात घेतल्यावर आधी उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा नंबर शोधा. पॅकबंद मालावर हे छापणं बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर नुसतं गाडीचं चित्र होतं.

खोकं दुकानातच फोडा. कोणी फोडू देत नसेल तर तिथूनच मागे फिरा. स्टँड उलटा करून पायांच्या कडा पाहा, चुंबक फिरवा, खांब पूर्ण वर ओढा. तो अडला पाहिजे आणि तेव्हाही त्याचा बराचसा भाग नळीत राहिला पाहिजे. दात्यांबरोबर आडवी सुरक्षा पिन असलेला किंवा निव्वळ भोक-पिनवाला स्टँड मिळाला तर तोच घ्या. दिसायला गावठी, पण त्यात फसवायला जागा कमी. आणि आपल्याकडे पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, तेव्हा प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा टाका.

स्टँडची जोडी मी पुरावा म्हणून ठेवली आहे, आयोगाचं काम झालं की गॅसकटरने तुकडे करून भंगारात जाईल. ती जाहिरात मात्र पुन्हा आली आहे, दुसऱ्या नावाने. ‘लो मॉडेल’ ऐवजी आता ‘स्पोर्ट्स कार स्टँड’ लिहिलंय. फोटो तोच : लाल रंग, मागे निळ्या पत्र्याचं शेड, आणि स्टँडचे पाय फोटोच्या चौकटीबाहेर.