शस्त्रक्रियेआधीचे चार आठवडे: व्यायाम आणि आहाराचा घरगुती तक्ता सात महिने वापरल्यावर

कॅन्सरच्या ऑपरेशनआधी पेशंटची ताकद वाढवण्यासाठी हा तक्ता आहे. आधी निष्कर्ष सांगतो. चालणं आणि पायांचे व्यायाम घरी नीट होतात. श्वासाचा सराव कुणी समोर बसून शिकवला तर होतो, नुसतं स्पायरोमीटर नावाचं श्वासाचं यंत्र हातात देऊन होत नाही. अडतं ते स्वयंपाकघरात. पेशंट रोज चालतो आहे, वहीत टिकही करतो आहे आणि वजन मात्र उतरतंय, असं दिसलं की बहुतेक वेळा ताटात प्रथिनं कमी असतात. पुरेशी प्रथिनं न देता करून घेतलेला व्यायाम स्नायू वाढवत नाही, उलट अशक्त माणसाला आणखी थकवतो.

हा तक्ता मोठं आतडं, जठर, अन्ननलिका, फुप्फुस आणि तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी वापरात आहे. तपासण्या आणि ऑपरेशनची तारीख यांच्यामध्ये, किंवा आधी केमो झाली असेल तर शेवटची केमो आणि ऑपरेशन यांच्यामध्ये, काही आठवडे जातातच. तेवढेच वापरायचे, तक्ता पूर्ण करण्यासाठी तारीख पुढे ढकलायची नाही. व्यायाम, आहार आणि मन शांत ठेवण्याचा सराव या तिन्हींची सांगड माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने घातली. 2014 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑपरेशननंतर आठ आठवड्यांनी तयारी केलेल्यांपैकी 84 टक्के पेशंट चालण्याच्या आधीच्या क्षमतेवर परतले होते. ज्यांचा कार्यक्रम ऑपरेशननंतर सुरू झाला, त्यांच्यात हे प्रमाण 62 टक्के होतं. 2023 साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 251 पेशंटवरचा अभ्यास आला. त्यात चार आठवड्यांच्या तयारीने गंभीर गुंतागुंत सुमारे 30 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आली. मात्र अतिशय अशक्त वृद्धांवरच्या 2020 च्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. त्यामुळे हा तक्ता प्रत्येकाला सारखाच लागू पडेल असं कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही.

आता ताट. लक्ष्य आहे दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. नेहमीच्या शाकाहारी जेवणाचा हिशेब मांडला की धक्का बसतो. सकाळी पोहे, दोन भाकऱ्या, वाटीभर वरण, भाजी, थोडा भात आणि दोन कप चहा मिळून जेमतेम 35 ग्रॅम होतात. त्यात अर्धा लिटर दूध किंवा दही (16), कोरडे मोजून 30 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (15) आणि दोन अंडी (12) घातली की आकडा 78 वर जातो. अंडी चालत नसतील तर 70 ग्रॅम पनीर. इथे ग्रॅम मोजणं महत्त्वाचं, कारण 'वाटीभर' म्हणजे प्रत्येक घरात वेगळं. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅम असतात, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. आणि आजारी माणसाला हलकं म्हणून नेमकं डाळीवरचं पाणी दिलं जातं! प्रेमाने दिलं जातं, पण त्यात जवळपास काहीच नसतं. किचनचा छोटा वजनकाटा पहिला आठवडाभर वापरला की पुढे डोळ्यांना अंदाज येतो.

दुसरी अडचण उपासाची. संकष्टी, एकादशी आणि गुरुवार मिळून महिन्यात सहा-सात दिवस निघतात आणि साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. उपास सोडा म्हटलं की घर दुखावतं आणि पुढचं काही ऐकत नाही. त्यापेक्षा उपासालाच दूध, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं पीठ, पनीर आणि चक्का जोडावा. तिसरी अडचण 'साखर खाल्ली की गाठ वाढते' या समजाची. त्यापायी दूध, फळं आणि भात सगळंच बंद होतं, वजन आठवड्याला किलोभर उतरतं, आणि शरीर मग स्वतःचे स्नायू जाळतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच, पण उपाशी राहणं हा त्याचा मार्ग नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रथिनं एकाच जेवणात न कोंबता तीन-चार वेळांत वाटावीत, आणि व्यायामानंतर तासाभरात 20 ग्रॅमच्या आसपास द्यावीत. व्हे पावडरचा (दुधातल्या प्रथिनांच्या पावडरचा) डबा परवडत नसेल तर 200 मिली दुधात 20 ग्रॅम स्किम्ड दूध पावडर फेटली की साडेतेरा ग्रॅम होतात, वर एक उकडलेलं अंडं. केमोनंतर तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरून पाहावा आणि जेवणाआधी लिंबू किंवा कोकमाचं आंबट घ्यावं. जेवायच्या आधी पोटभर पाणी नको. कुणी पाच दिवसांहून जास्त जवळपास काहीच खाल्लेलं नसेल तर एकदम पूर्ण आहार सुरू करू नये. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊन हृदयावर बेतू शकतं. तिथे घरगुती तक्ता थांबतो, हॉस्पिटलची देखरेख लागते.

पायांसाठी खुर्चीवरून उठणं-बसणं हाच सगळ्यात कामाचा व्यायाम. सुमारे 43 सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, कारण प्लॅस्टिकची मोल्डेड खुर्ची फरशीवर मागे सरकते. हात छातीवर, आठ ते बारा वेळा, दोन ते तीन फेऱ्या, एक दिवसाआड. गुडघे दुखत असतील तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी. हातांसाठी रबरी पट्टा पिवळ्या रंगापासून सुरू करावा. रोज ताणून भेगा तपासाव्यात. चिरलेला पट्टा तुटून तोंडावर येतो. पट्टा नसेल तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. दंडात केमोची नळी असेल तर त्या हाताला वजन नाही.

चालण्याचं मोजमाप पहिल्या दिवशी घ्यावं: सहा मिनिटांत किती मीटर. हॉस्पिटलात ही चाचणी 30 मीटरच्या सरळ पट्ट्यावर होते. घरातल्या दहा मीटरवर वळणं वाढतात आणि आकडा कमी येतो, म्हणून जागा बदलून तुलना करू नये. वीस मीटरची वाढ खरी धरावी. रोज अर्धा तास असं चालावं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सर्जनची परवानगी असेल तर आठवड्यातून तीनदा दोन मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असे चार फेरे. मुंबईतल्या परळसारख्या ठिकाणी हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत उतरलेल्या बाहेरगावच्या पेशंटला जागा नसते. त्यांच्यासाठी जिना उत्तम, फक्त कठडा धरून आणि सोबत कुणी असताना. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके बघून जोर ठरवू नये, कारण ते एरवीइतके वाढत नाहीत. दहापैकी किती दमलो हा प्रश्न विचारावा आणि उत्तर चार-पाचच्या आसपास ठेवावं.

छोट्या पेडल यंत्राबद्दल मत फारसं चांगलं नाही. ते गुळगुळीत फरशीवर सरकतं, खाली रबरी चटई लागतेच, आणि घर्षणावर चालणाऱ्या यंत्राचा दांडा पंधरा मिनिटांत तापतो. गुडघे खूपच खराब असतील तरच घ्यावं.

तीन चेंडूंचा स्पायरोमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो. पहिली चूक म्हणजे त्यात फुंकणं. तो आत श्वास ओढण्यासाठी आहे. दुसरी, झटका देऊन तिन्ही चेंडू उडवणं. चेंडूंवर लिहिलेले 600, 900 आणि 1200 हे सेकंदाला किती मिली हवा आत जाते त्याचे आकडे आहेत. फुप्फुस किती भरलं ते त्यावरून कळत नाही. एक किंवा दोन चेंडू तीन सेकंद वर धरणारा सावकाश श्वास तळापर्यंत पोचतो, तिसऱ्या चेंडूचा झटका नाही. तिसरी, यंत्र तिरकं धरणं. तसं धरलं की चेंडू फुकटात वर जातात. ताठ बसावं, ओठ घट्ट मिटावेत, पूर्ण श्वास सोडून मग ओढावं, तीन सेकंद रोखून सोडावं. असे दहा, दिवसातून चार-पाच वेळा. चक्कर आली तर यंत्रातल्या प्रत्येक श्वासानंतर दोन साधे श्वास घ्यावेत. पोटावर उशी दाबून खोकणंही याच दिवसांत शिकावं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 441 पेशंटच्या अभ्यासात वरच्या पोटाच्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टच्या एकाच शिकवणीने फुप्फुसाची गुंतागुंत 27 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आली. सगळ्या तक्त्यात अर्ध्या तासाचा इतका मोबदला दुसऱ्या कशातच नाही.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये तक्ता तसाच्या तसा चालत नाही. तोंड उघडत नसेल तर भाकरी, वड्या, पनीर सगळं बाद. नाकातून नळी असेल तर मिक्सरमधून काढून गाळून, एका वेळी 200 ते 250 मिली, पाठ उंच ठेवून सावकाश द्यावं, आणि शेवटी 30 ते 50 मिली पाण्याने नळी धुवावी. सत्त्व किंवा सातूचं पीठ गार झालं की दाटतं आणि नळी तुंबते, म्हणून कोमटच आणि पातळ. तंबाखू, मिश्री आणि विडी पहिल्याच दिवशी बंद. जखम भरून येण्यासाठी हे चार आठवडे फार मोलाचे असतात, आणि मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे असं मानणाऱ्या बायकांना हे वेगळं, नाव घेऊन विचारावं लागतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाचा उपचार तक्त्याच्या पहिल्याच आठवड्यात सुरू व्हावा, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

छातीत दुखणं, ताप, ऑक्सिजन 90 च्या खाली, पोट फुगून उलट्या, ताजा रक्तस्राव, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी फोन करावा. ऑक्सिजन मोजताना नेलपॉलिश काढावं आणि गार बोट चोळून घ्यावं, नाहीतर आकडा फसवतो. आजार मणक्यात किंवा हाडात पसरला असेल तर वजनाचे व्यायाम विचारल्याशिवाय नकोतच.

शेवटच्या दोन दिवसांत जोराचे व्यायाम बंद, चालणं आणि श्वास चालू. वही आणि स्पायरोमीटर हॉस्पिटलच्या पिशवीत वरच ठेवावा, त्याचं तोंडाचं टोक कोमट साबणपाण्याने धुऊन. ऑपरेशननंतर शुद्ध आली की नर्स तोच मागेल, आणि दर जागत्या तासाला दहा श्वास तेव्हापासूनच सुरू होतात.