मूत्राशयाचा दुर्मीळ कर्करोग आणि स्लाइडचे पुनर्परीक्षण : एका पॅथॉलॉजी सेवेचा अनुभव

माझ्या थोरल्या काकांना काहीही न दुखता लघवीतून रक्त जाऊ लागले. दुर्बिणीतून काढलेल्या गाठीच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ‘उच्च श्रेणीचा युरोथेलियल कर्करोग’ (म्हणजे मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग) असे निदान होते आणि तळाशी ‘लहान, गर्द पेशींचे पुंजकेही दिसतात’ अशी एक ओळ होती. मूत्रविकारतज्ज्ञांनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले आणि मूत्राशय काढण्याची तारीख देण्याआधी स्लाइड (गाठीचे पातळ काप असलेल्या काचपट्ट्या) दुसरीकडे तपासून आणायला सांगितले. त्यासाठी पुण्यातील एका खाजगी प्रयोगशाळेची पुनर्परीक्षणाची सेवा आम्ही घेतली. तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही करायची आहे.

सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे तेथील पॅथॉलॉजिस्ट मॅडम. नुसत्या स्लाइडवर न थांबता त्यांनी पॅराफिनचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, मागवले, काकांचे वय, बिडीचे व्यसन आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट विचारून घेतला, आणि मी विनंती केल्यावर पडद्यावर ती पेशीरचना दाखवलीही. पेशीद्रव्य जवळजवळ नसलेल्या, एकमेकींना दाबून बसलेल्या लहान पेशी, आतले द्रव्य रवाळ दिसणारी केंद्रके, मध्येच मृत पेशींचे पट्टे, आणि नमुना काढताना चिरडल्यामुळे धाग्यांसारख्या ओढल्या गेलेल्या पेशींची निळी रेघ. एकदा दाखवल्यावर ती रेघ माझ्यासारख्या अडाण्यालाही ओळखता आली.

आठ दिवसांनी आलेल्या रिपोर्टमध्ये ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कर्करोग’ (चेतापेशी आणि संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी या दोन्हींचे गुण असलेल्या लहान पेशींचा कर्करोग) असे निदान होते. मूत्राशयाच्या कर्करोगांत याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. मार्कर म्हणजे पेशींचा प्रकार ओळखण्यासाठी तपासली जाणारी प्रथिने. त्यांपैकी न्यूरोएंडोक्राइन पेशी दाखवणारे सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि सीडी५६ पॉझिटिव्ह होते, लिम्फोमासाठीचा (लसीका पेशींच्या कर्करोगाचा) मार्कर निगेटिव्ह होता, आणि पेशी किती वेगाने वाढत आहेत हे सांगणारा केआय-६७ फारच जास्त होता. त्याच नमुन्यात नेहमीच्या युरोथेलियल कर्करोगाचाही भाग होता. असे मिश्रण या आजारात वरचेवर आढळते. मात्र स्मॉल सेलचा अंश थोडा असला तरी उपचार त्याच्या कलाने ठरतो, हे रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिले होते. गाठ स्नायूच्या थरात शिरली आहे का, याचेही उत्तर होते. पहिल्या रिपोर्टमध्ये स्नायूचा उल्लेखच नव्हता.

टीटीएफ-१ हा मार्कर पॉझिटिव्ह असल्याचे वाचून घरात घबराट झाली. तो फुप्फुसाच्या कर्करोगात आढळतो, आणि काकांनी उभी हयात बिड्या ओढलेल्या. पण खालच्या टिपेत मॅडमनी लिहून ठेवले होते की मूत्राशयातील अशा गाठींतही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून केवळ त्यावरून मूळ फुप्फुसात आहे असे मानू नये. छातीच्या सीटीशी ताडून पाहावे. सीटीत फुप्फुसे स्वच्छ होती, शिवाय युरोथेलियल भाग शेजारीच असल्याने मूळ मूत्राशयातच असल्याला दुजोरा मिळाला. माझ्या मते सगळे शुल्क या एका टिपेतच वसूल झाले. हा आजार निदानाच्या वेळीच सूक्ष्म स्वरूपात शरीरात पसरलेला असण्याची शक्यता मोठी असल्याने, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया मागे ठेवून एटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिनची केमोथेरपी आधी सुरू केली.

आता तक्रार. काऊंटरवरचा कारभार या रिपोर्टच्या पासंगालाही पुरत नाही. पावतीवर ‘ब्लॉक २’ इतकेच लिहून दिले. त्यांवर कोरलेले क्रमांक लिहा, म्हणून मला दोनदा सांगावे लागले, तेही कपाळावर आठ्या झेलत. जादा मार्करचे पैसे न कळवता बिलात लावले. ते मार्कर आवश्यकच होते, पण एक फोन करायला हरकत नव्हती.

निदानाच्या कामाला मी पाचपैकी पाच गुण देईन, काऊंटरला दोन. ब्लॉक परत घ्यायला रुग्णाच्या नातेवाइकालाच जावे लागते. जाताना मूळ पावती आणि पहिल्या रिपोर्टची प्रत सोबत ठेवावी, आणि पाकीट तिथेच उघडून ब्लॉकवरचे क्रमांक जुळवून पाहावेत.